धुवायचा राहिलेला रोल

सणसर, ता. इंदापूर
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

जो मागण्याआधी देतो आणि अपराध्याने दार ठोठावण्याआधीच क्षमेची कडी काढून ठेवतो, त्या एकमेव कृपावंताचे नाव प्रथम घेतो. लेखणी त्याची, भाषा त्याची. या पत्रात जे चुकेल तेवढेच माझे.

प्रिय मेहजबीन,

अनेक आशीर्वाद. फोन केला असता तर तू उचलला असतास, हे मी जाणतो. पण फोनवर मी गुडघ्याचे सांगितले असते, तू गोळ्यांचे विचारले असतेस, आणि मुख्य गोष्ट याही वेळी टळली म्हणून दोघांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला असता. गेले कित्येक रविवार आपण तेच करीत आलो. तुझ्या बारामतीच्या खोलीत, फ्रिजच्या कप्प्यात, तू कॅमेऱ्याचा जो रोल ठेवला आहेस, त्याच्याविषयी बोलायचे मी टाळतो आणि तू मला टाळू देतेस. कागदावर माणसाला तोंड फिरवता येत नाही, म्हणून कागद घेतला.

इकडचे क्षेम आहे. भवानीनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला की एसटी आपल्या दारासमोर थांबते आणि आतली माणसे आपल्या अंगणात डोकावतात. मळीचा पहिला वास आला की तुझी नानी चुलीपासून हाक द्यायची, "लागला वाटतं कारखाना." यंदा वास आला, तेव्हा मी उगाचच दोन क्षण थांबलो. तुझी आई आठ दिवसांसाठी आली आहे. तिने न्हाणीघर घासून काढले आणि दाराच्या चौकटीवरचा मोठा खिळा पाहून म्हणाली, "अब्बा, हा उपटू का? कापडं फाटत्यात." मी नको म्हणालो. त्या खिळ्यावर तू उजेड अडवायला वाकळ टांगायचीस, हे तिला ठाऊक नसावे.

तू बारामतीत नोकरीला लागलीस, स्कूटर घेतलीस आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून तो जडशीळ लोखंडी कॅमेरा आणलास, ते दिवस मला आज स्वच्छ आठवतात. फिल्म धुवायला न्हाणीघर मागायला आलीस तेव्हा मी विचारले होते, हातात मोबाईल असताना हा खटाटोप कशासाठी. तू म्हणालीस, "मोबाईलमध्ये काढलेलं लगेच दिसतं, नाना. ह्यात आधी विश्वास ठेवावा लागतो, मग दिसतं." चाळीस वर्षे मुलांना मराठी शिकवलेल्या आणि तेवढीच वर्षे इंदापूरच्या उस्तादांच्या पायाशी बसून अरबी-फारसीची पाने उलटलेल्या माणसाला हे वाक्य आवडले नसते तर नवल. मी तत्काळ परवानगी दिली. एवढी सढळ परवानगी मी त्यानंतर तुला कधी दिली नाही.

मग रविवारी दुपारी आपल्या घराची प्रयोगशाळा व्हायची. तू आत काळोखात बसून हाताच्या अंदाजाने फिल्म चकरीवर चढवायचीस आणि डब्यात बंद करायचीस. बाहेर उंबऱ्यावर तुझी नानी पहारा द्यायची. बोअरचे पाणी क्षाराचे, त्याने फिल्मवर पांढरे ठिपके पडतात, म्हणून पिण्याच्या पाण्याचा जार तुझ्यासाठी राखून ठेवलेला. वैशाखात औषधाचे पाणी तापायचे, तेव्हा ती बाटली माठात बुडवून निववायची युक्ती तिचीच. पहिल्या औषधाला ती काढा म्हणायची. त्यानंतरच्या पाण्यात घालायचा सिरका तिच्या लोणच्याच्या बरणीशेजारून जायचा, आणि त्याचा हिशेब ती तुझ्याकडे मागायची. डबा किती वेळ हलवायचा हे तुझ्या मोबाईलमध्ये लावलेले असे, तरी ती स्वतः तसबीहचे मणी ओढून वेळ राखायची आणि मोबाईल वाजायच्या आधी सांगायची, "झालं बघ. ओत आता." फिल्म दोरीवर लोंबत वाळायला लागली की आपण तिघे तिच्याखाली उभे. त्या उलट्या जगात आकाश काळे आणि कावळे पांढरे दिसत.

आणि एके दिवशी तिने, माझ्यासमोर, ओले हात पदराला पुसत म्हटले, "मला बी एकदा काढ की गं. त्या आधारकार्डावर तर मी ऊस चोरताना घावल्यावानी दिसती." तू हसलीस आणि मग माझ्याकडे पाहिलेस. मी तेव्हा बाजेवर बसलो होतो. मांडीवर पुस्तक होते. गंभीर होण्यासाठी मला काही वेगळे करावे लागले नाही. मी सांगितले की सरकारी कागदाची गोष्ट निराळी, ती गरज आहे. पण हौसेखातर जिवंत माणसाचा चेहरा उमटवणे आपल्या घरात होणार नाही. झाडे काढ, पाणी काढ, कारखाना काढ. माणूस काढायचाच असेल तर पाठमोरा काढ. ज्याला मुख नाही त्याला मूर्ती म्हणत नाहीत. तू वाद घालणारी मुलगी आहेस, परंतु त्या दिवशी वाद घातला नाहीस. तू केवळ एक प्रश्न विचारलास, मी त्याचे उत्तर दिले, आणि तुम्ही दोघींनी ते मान्य केले.

तुझ्या नानीने तर असे मान्य केले की त्याचा तिने खेळच करून टाकला. तुझ्या स्कूटरवर मागे बसून ती हिंडू लागली. लग्नानंतर कोऱ्हाळ्याचे माहेर आणि बारामतीचा दवाखाना यांच्यापलीकडे फारशी न गेलेली बाई उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहून आली, इंदापूरच्या बाजारात बांगड्या भरून आली, ऊसतोडणीवाल्यांच्या कोपीत बसून चहा पिऊन आली. प्रत्येक ठिकाणी तू कॅमेरा डोळ्याला लावलास की ती आपणहून पाठ फिरवायची. बारामतीहून तू ते फोटो छापून आणायचीस. पाण्याकडे पाहणारी पाठ, कारखान्याच्या चिमणीकडे पाहणारी पाठ, वाऱ्याने फुगलेला पदर आणि त्याच्याखाली टाचांच्या भेगा. पहिला फोटो हाती धरून ती केवढा वेळ पाहत होती. "इतक्या वर्सांत माझी पाठ मी आज बघितली," म्हणाली, "बरी हाय की." आणि फिल्मची पट्टी उजेडाकडे धरल्यावर, त्यात आपले पांढरे केस काळेभोर दिसतात असे तिच्या ध्यानात आले, तेव्हापासून ती मला चिडवायची, "बघा, फिल्लमवर मी जवान हाय. तुमी म्हातारं ते म्हातारंच." शेजारणीने विचारले की प्रत्येक फोटोत तोंड का फिरवलंय, तर सांगायची, "आमच्या मास्तरला माझी पाठच पसंत हाय."

मी हसत असे, मात्र तुम्ही दोघी जायच्या तेव्हा मला बरे वाटत नसे. ताटावर ताट झाकून ठेवलेले जेवण मी एकट्याने जेवायचो. संध्याकाळी धुळीने माखून, एकमेकींची वाक्ये पुरी करीत तुम्ही परतायच्या, आणि ज्या गोष्टीवर हसायच्या ती मला सांगताना तिच्यातले हसू संपून जायचे. "जाऊ द्या, तुमाला न्हाय कळायचं, तितं असायला पायजे होतं." मला कुणी चला म्हटले नव्हते असे नाही. तू म्हटले होतेस, रिक्षा करू म्हणालीस. मीच गुडघ्याचे कारण सांगितले. विद्वान म्हणवणाऱ्या माणसाला मत्सर झाला की तो त्याला मत्सर म्हणत नाही. त्याला शोभेलसे नाव सापडेपर्यंत तो आपली पुस्तके चाळतो.

गेल्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी पार तळाला गेले आणि पळसदेवचे बुडालेले देऊळ वर आले, तेव्हा तू तिला तिकडे घेऊन गेलीस. परतल्यावर ती जरा थकलेली होती. चिखल वाळून भुई कशी भेगाळली आहे, होड्या कोरड्यावर कशा पडल्या आहेत, हे तिने सांगितले. आणखी काही सांगितले नाही. रोल त्या दिवशी धुतला गेला नाही, याचे मला तेव्हा नवल वाटले नाही. उशीर झाला असेल असे समजलो. पाऊस सरता सरता तिला ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. शेवटचे मुखदर्शन घ्यायला मला पुढे केले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होते. त्या पाण्यातून मी तिला जेमतेम पाहिले.

चाळिसाव्याच्या दिवशी, पंगती उठल्यावर, तू मला परसात बोलावलेस आणि सांगितलेस. पळसदेवला तू कॅमेरा उचललास, तिने नेहमीसारखी पाठ फिरवली, आणि मग पुन्हा वळली. तिचे शब्द तू मला तिच्याच बोलीत ऐकवलेस, म्हणून ते मला खरे वाटले: "आज तोंड करून उभी ऱ्हाती. काढून ठेव. पर नानाला इचारल्याबिगर धुवायचं न्हाय, त्यांनी व्हय म्हटलं तरच." तू एवढेच म्हणालीस, "मी विचारतेय, नाना. आणि हे पण सांगते, फिल्म पडून राहिली की आतला चेहरा हळूहळू विरतो. फ्रिजमध्ये ठेवलाय, पण किती टिकेल ते सांगता येत नाही." मी पायाखालच्या मातीकडे पाहत राहिलो. तुला वाटले असेल, नाना धर्माचा विचार करीत आहेत. पुढच्या रविवारी तू न्हाणीघरातल्या बाटल्या आणि डबा पिशवीत भरून घेऊन गेलीस. मी विचारले नाही आणि तूही सांगितले नाहीस.

मला व्हय म्हणायचे होते, मेहजबीन. तुझे वाक्य पुरे व्हायच्या आत म्हणायचे होते. तिच्या पाठीचे सारे फोटो माझ्या उशाच्या पत्र्याच्या पेटीत आहेत आणि ते मी इतक्या वेळा पाहिले आहेत की आता डोळे मिटून तिला आठवू लागलो तर तीच पाठ समोर येते. चेहरा आठवायला गेलो की ती वळते आणि चालू लागते. एवढी गरज असूनही माझी जीभ उचलली नाही. लोक काय म्हणतील हे त्याचे कारण नव्हते. आपल्या मोहल्ल्यात हजला जाऊन आलेल्यांच्या मोबाईलमध्येही नातवंडांचे फोटो आहेत आणि त्यांच्या नमाजांत मला कधी खोट दिसली नाही.

दहा दिवसांपूर्वी किराणा दुकानवाला साद माझ्याकडे आला. त्याच्या घरी मुलगी झाली आहे. बायकोला बाळाचे फोटो काढून भिंतीवर लावायचे आहेत आणि त्याच्या थोरल्या भावाने दटावले आहे. साद म्हणाला, "मास्तर, खरं काय ते सांगा. दुसरं मत हाय का न्हाय?" मी त्याला बसवले आणि सारे सांगितले. सांगितले की जाणत्यांचा एक वर्ग जिवंताच्या कुठल्याही प्रतिमेपासून दूर राहावे असे म्हणतो, त्यांच्या सावधगिरीचा आदर करावा. दुसराही वर्ग आहे, तोही तितकाच जाणता आणि तितकाच ईश्वरभीरू. तो म्हणतो, हाताने घडवलेली ती तसबीर. इथे तर कुणी काही घडवलेले नाही. विहिरीच्या पाण्यात वाकून पाहिल्यावर जे दिसते, त्याला थोडा वेळ थांबवून धरले, एवढेच. ती निर्मात्याशी बरोबरी नव्हे. पूजेचा भाव नसेल, त्यात निर्लज्जता नसेल, तर त्यात पाप नाही. दोन्ही मते माझ्या उस्तादांनी मला एकाच बैठकीत शिकवली होती, आणि शिकवताना बजावले होते की ज्याला दोन वाटा ठाऊक आहेत त्याने एकच दाखवली, तर त्याने वाटसरूला फसवले. सादने सुस्कारा सोडला. "मग भिंतीवर नको, अल्बममधी ठेवतो. म्हंजी भाऊबी खूश, बायकोबी खूश." जाताना त्याने माझे हात हातात घेऊन मला दुवा दिली. ती दुवा घेताना मला जी लाज वाटली, तशी कुणाच्या शिवीनेही वाटली नसती.

कारण तूही मला तेच विचारले होतेस. त्या दुपारी, तुझ्या नानीच्या देखत, तुझा तो एकच प्रश्न: "नाना, यावर दुसरं कुणाचं मत आहे का?" आणि मी पुस्तकावरची नजर न काढता म्हणालो होतो, "नाही. यावर एकमत आहे." जे परक्याला अर्ध्या तासात मोकळेपणाने देऊन टाकले, ते मी माझ्या घरात, माझ्या बायकोपासून आणि नातीपासून झाकून ठेवले. मला ठाऊक नव्हते असे म्हणायलाही जागा नाही. ज्या पुस्तकात ते दुसरे मत आहे तेच माझ्या मांडीवर उघडे होते. मला ती स्कूटर आवडली नव्हती, ते हसणे माझ्यावाचून चालले होते ते आवडले नव्हते, घरात माझ्या शब्दाखेरीज आणखी एक रस निर्माण झाला होता तो आवडला नव्हता. कुठेतरी मला नाही म्हणायचे होते आणि ते मी परमेश्वराच्या नावावर म्हटले. याहून जड पाप माझ्या वाचनात नाही. ती बिचारी त्या शब्दाला ईश्वराचा शब्द समजून दर वेळी पाठ फिरवत राहिली, आणि अखेरीस चेहरा दाखवावासा वाटला तेव्हाही माझी परवानगी मागून ठेवून गेली. परसात मी गप्प राहिलो ते यामुळे. तुला नुसते व्हय म्हटले असते तर तू समजली असतीस की प्रेमापोटी नानांनी धर्म थोडा सैल केला; तू मला मिठी मारली असतीस, आणि माझे पहिले असत्य त्या मिठीखाली कायमचे गाडले गेले असते. आणि खरे सांगण्याचे धैर्य काल-परवापर्यंत जमले नाही. माझ्या त्या अधैर्याच्या काळात फ्रिजमध्ये तिचा चेहरा विरत होता, हे मला रोज ठाऊक होते.

म्हणून हे पत्र. तुझ्या नानीने ज्याचा होकार मागितला होता, तो होकार मी आज लिहून देतो: तो रोल धू. मला भेटायला येण्यासाठी थांबू नकोस, रविवारची वाट पाहू नकोस. हे पत्र ज्या दिवशी हाती पडेल त्याच दिवशी धू. हा होकार माझ्या दुःखाने मिळवलेली सवलत नाही. ज्या दुपारी तिने पहिल्यांदा मागितले त्या दुपारीही तो तिचा हक्कच होता आणि मी तो दडवला, हे समजून धू. दोन्ही मते तुला आता ठाऊक आहेत. यापुढे कुणाचा चेहरा काढायचा आणि कुणाचा नाही, हे तुझ्या बुद्धीने आणि तुझ्या ईश्वरभयाने ठरव, मला विचारू नकोस. फिल्म कोरी निघाली तर तीही जपून ठेव; त्या कोरेपणाचा जाब मला द्यायचा आहे. आणि ती उमटली असेल, तर मला दाखवायची की नाही हे तूच ठरवायचे. बघावेसे वाटते का म्हणशील, तर या वयात मी इतक्या ओढीने दुसरे काहीही मागितलेले नाही. पण तो चेहरा तिने तुझ्याकडे वळवला होता. माझ्याकडे वळवला असता की नाही, हे विचारायला ती नाही, आणि तिच्या वतीने उत्तर द्यायचा अधिकार मी गमावला आहे. तू नाही म्हणालीस तर मी तो न्याय मानीन आणि तुझ्यावरची माया तिळभरही उणी होणार नाही.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी तुझ्या आईला वाचायला देणार आहे, आणि तू ज्याला हवे त्याला दाखवू शकतेस. ज्यांच्या ज्यांच्या नजरेखालून हे जाईल, त्या सर्वांना परमेश्वर खरे विचारण्याचे धैर्य देवो, खरे सांगणारी माणसे देवो, आणि त्यांची प्रिय माणसे हयात असतानाच त्यांना त्यांची मुखे डोळे भरून पाहायला मिळोत. आमीन.

तुझाच,
नाना